विनाकारण हातवारे

आमच्या घरात कुकरची शिटी कधी होणार हे बेबीआत्याला शिटीच्या आधी कळायचं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी सांबार निवडत बसलेली असायची, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, आणि एकाएकी ताट बाजूला सारून उठायची, मागच्या अंगणात जाऊन भिंतीला पाठ टेकून उभी राहायची. ती दाराबाहेर पडली की मनात चार आकडे मोजायचे, पाचव्याला शिटी. आई कुकरकडे बघतच नसे. पोळ्या लाटता लाटता विचारायची, "बेबी कितीदा गेली?" मी म्हणायचे, "तीनदा." मग आई गॅस बंद करायची. वरण कधी कच्चं राहिलं नाही आणि कधी लागलंही नाही. पुढे माझ्या लग्नानंतर मला घड्याळ लावून डाळ शिजवावी लागली, तेव्हा लक्षात आलं की बाकीच्या घरांत ही सोय नसते.

बेबीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं खरं नाव विमल, पण ते फक्त रेशनकार्डावर होतं. तेव्हा तिचं वय अडतीस-एकोणचाळीस असेल. लग्न झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. तिला नवी साडी टोचायची, म्हणून तिच्या साड्या आधी वर्षभर आई नेसायची आणि कापड पुरतं मऊ झालं की तिला द्यायची. त्यामुळे आई दिवाळीला कोरी फिकट निळी सुती साडी घ्यायची, तिला स्वतःला निळा रंग मुळीच आवडत नसताना. ताटात भाताला भाजी लागलेली आत्याला चालायची नाही, म्हणून तिला सगळं वेगवेगळ्या वाट्यांत. पुडाची वडी केली की वरचं खुसखुशीत कवच तिचं आणि आतलं सांबाराचं सारण माझं. या व्यवस्थेत मी चांगली गुटगुटीत झाले.

ती बोलायची, पण बहुतेक आपलंच बोलणं आपल्याला परत करायची. आई विचारायची, "बेबी, जेवतं का?" ती म्हणायची, "जेवतं का." याचा अर्थ हो. नाही म्हणायचं असलं की ती काहीच बोलत नसे. शिवाय मधूनच तिचा हात कानाजवळ जायचा आणि बोटं भराभर हलायची, पाण्याचे थेंब झटकावेत तशी. गल्लीतली पोरं तिला येडी म्हणायची, पण हळू आवाजात, कारण बाबा. बाबा कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसत आणि लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देत. राहिलेलं काम संध्याकाळी घरी आणत. त्यांची खडखड सुरू झाली की आत्या त्यांच्याजवळ जाऊन बसायची, ओळ संपल्याची घंटी वाजली की मान डोलवायची, आणि तेवढा वेळ तिचा हात मांडीवर गप्प पडलेला असायचा. शिटी नको आणि खडखड हवी, हे असं का, हे आमच्याकडे कोणी विचारलं नव्हतं.

मी अकरावीत गेले त्या वर्षी आमच्या जीवशास्त्राच्या इंगळे मॅडम कुठलं तरी प्रशिक्षण घेऊन पुण्याहून आल्या. येताना त्यांनी पत्रकांचे दोन गठ्ठे आणि एक शब्द आणला. शब्द होता स्वमग्नता. काही मुलं जन्मतःच जगाकडे वेगळ्या रीतीनं बघतात, त्यांचं बोलणं-वागणं वेगळं असतं, आणि आपल्याकडे हे कोणाला ठाऊक नसल्यामुळे त्यांचे फार हाल होतात, असं त्यांनी वर्गात सांगितलं. ही माहिती लोकांपर्यंत पोचवायला कोण येणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा एकही हात वर गेला नाही. मग त्या म्हणाल्या, "पी.टी.चा तास माफ होईल." अकरा हात वर गेले. त्यात एक माझा होता आणि एक शाहीनचा. शाहीन माझ्या बाकावर बसायची. तिच्या अब्बांचं इतवाऱ्यात गाद्या-रजयांचं दुकान होतं आणि तिच्या वेणीत रोज कुठेतरी कापसाचा एक तंतू अडकलेला असायचा. प्राचार्यांनी प्रार्थनेच्या वेळी आमचा गट सगळ्यांपुढे उभा केला आणि आजची पिढी फार स्वमग्न झाली आहे, तिला जागं करण्याचं काम या विद्यार्थिनी करणार आहेत, असं सांगितलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पत्रकावर दहा लक्षणं छापलेली होती आणि ती तोंडपाठ पाहिजेत असा हुकूम होता. मी ती संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पाठ केली, म्हणजे बेबीआत्याच्या शेजारी. मी म्हणायचे, "दुसरं, नजरेला नजर न देणे." आत्या सांबाराची काडी उजेडात धरून म्हणायची, "नजर न देणे." मी म्हणायचे, "तिसरं, ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे." ती म्हणायची, "पुन्हा पुन्हा उच्चारणे." सहावं होतं, "विनाकारण हातवारे करणे." तेही ती म्हणाली. हे असं तीन संध्याकाळी चाललं. आज हे लिहिताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही, पण मला काहीही कळलं नाही. अभ्यास ही एक गोष्ट होती आणि घर ही दुसरी. पत्रकात 'मुलं' लिहिलेलं होतं, आणि आत्याच्या तर कानशिलावर केस पांढरे व्हायला लागले होते.

कळलं ते तालमीत. मॅडमनी एक पथनाट्य लिहिलं होतं. त्यात गोलू नावाचा स्वमग्न मुलगा, त्याची आई, आणि त्याला भोंदूबाबाकडे न्या असं सांगणारे शेजारी. आई शाहीन झाली, कारण तिला हवं तेव्हा रडता यायचं. गोलू कोणालाच जमेना. एकीनं डोळे फिरवले, दुसरीनं जीभ बाहेर काढली. मॅडम म्हणाल्या, "अगं, असं नसतं." मी उठले आणि केलं. मान किंचित वाकडी, नजर समोरच्याच्या खांद्यावर, शाहीन जे म्हणेल त्यातले शेवटचे दोन शब्द परत, आणि कानाजवळ हात. मॅडमचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "कुठं पाहिलंस हे?"

मी म्हणाले, "पत्रकात वाचलं."

घरी जाताना शाहीन सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत आली. मग म्हणाली, "अवं वर्षे, थे तर तुही आत्या हाय."

"चूप बैस."

"मी चूपच आहो. तूच करून राहिली."

मी त्या दिवशी घरी जाऊन पत्रक काढलं आणि आत्याकडे पाहत एकेक लक्षण तपासलं. दहापैकी नऊ जुळली. दहावं लहानपणच्या खेळण्यांबद्दल होतं, ते तपासायला उशीर झाला होता. मी आईबाबांना काही सांगितलं नाही. का नाही, याची मी नंतर बरीच चांगली कारणं शोधली, पण खरं कारण एवढंच की गोलूचं काम माझ्याकडून जाईल अशी मला भीती वाटली. मी ना गाण्यात होते ना खेळात. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं.

आम्ही अमरावतीत राजकमल चौकात नाटक केलं, दोन शाळांत केलं, आणि मग एका शनिवारी तिवसा तालुक्यातल्या एका गावात गेलो. त्या वर्षांत आमच्या भागातल्या गावांत बाहेरून गाडी आली की ती एकाच कामासाठी आलेली असायची, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं घर पाहायला. आमची जीप पारापाशी थांबली तेव्हा तिथं बसलेल्या एका माणसानं, आम्ही काही विचारायच्या आत, हात लांब करून सांगितलं, "तिसरं घर. निळा दरवाजा." आम्ही त्या निळ्या दरवाजाकडे पाहिलं. दारात एक बाई मुलीची वेणी घालत होती. तिनंही आमच्याकडे पाहिलं आणि ती सवयीनं उठून उभी राहिली. मॅडम घाईनं म्हणाल्या, "नाही, नाही, आम्ही त्यासाठी नाही आलो." तो माणूस जरा गोंधळला. "मंग कायच्यासाठी आल्या?" मॅडमनी सांगितलं. त्यानं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि शेजाऱ्याला विचारलं, "स्वमग्न म्हंजे कोन्या कंपनीचं हाय बे?" शेजारी म्हणाला, "नवं बियाणं असन. आपल्याकडं नाही चालत थे."

नाटकाला मात्र पुष्कळ लोक जमले, कारण ते फुकट होतं आणि अर्जावर सही मागत नव्हतं. मी हात हलवले तेव्हा पोरं हसली, शाहीन रडली तेव्हा बायका गप्प झाल्या, सगळं नेहमीप्रमाणे झालं. शेवटी मॅडमनी कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, तेव्हा एक तरुण बाई कडेवर पाच-सहा वर्षांचं पोर घेऊन पुढे आली. पोर कडेवर मावत नव्हतं. ते आमच्यातल्या कोणाकडेच पाहत नव्हतं, जीपच्या चाकाकडे पाहत होतं.

"याले दवाई काय?" बाई म्हणाली.

"याला औषध नाही," मॅडम म्हणाल्या. "शिकवता येतं बरंच काही. पण आजार नाही हा, त्यामुळे बरं करायचं असं काही नाही."

"मंग तुमी कायले आल्या एवढ्या उन्हात?"

आम्ही अकराजणी मॅडमकडे पाहायला लागलो, कारण हा प्रश्न आम्हालाही पडला होता. मॅडमनी पदरानं कपाळ पुसलं. म्हणाल्या, "हे तुमच्यामुळे झालेलं नाही, एवढं सांगायला आलो. तुम्ही पोटुशी असताना काय खाल्लं, कुठं गेलात, कोणाचं तोंड पाहिलं, यानं होत नाही हे. तुमची चूक नाही."

बाईनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "हे मले नोका सांगू. मले मालूम हाय. थे लिंबाखाली हिरवं लुगडं नेसून बसली ना, थे माही सासू. तिले सांगा."

मॅडम लिंबाखाली गेल्या आणि मांडी घालून सासूसमोर बसल्या. आम्ही लांबून पाहत होतो. म्हातारी बराच वेळ ऐकत राहिली, मग तिनं विचारलं, "असं डाक्टर म्हन्ते?" मॅडम म्हणाल्या, हो. "लिहून द्या," म्हातारी म्हणाली. मॅडमनी तिला पत्रक दिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं त्याची बारीक घडी करून ती कमरेच्या पिशवीत ठेवली.

मग अकोल्याचं आमंत्रण आलं. तिथं एका सभागृहात निरनिराळ्या शाळा-कॉलेजांच्या पथनाट्यांची स्पर्धा होणार होती, रविवारी दुपारी. आईनं लगेच ठरवलं की सगळ्यांनी जायचं. "पोरगी स्टेजवर उभी राहीन अन आपण काय घरी बसावं?" आत्याला एकटीला घरी ठेवता येत नसे, म्हणजे तीही येणार. मी म्हणाले, नातेवाइकांना आत घेत नाहीत.

"काऊन?"

"नियम आहे."

बाबा आयुष्यभर सरकारी नियम टाइप करत आले होते. ते म्हणाले, "असा नियम नसते." विषय संपला.

सभागृहात चारशे लोक, पंखे, दोन मोठे कूलर आणि मधूनच किंचाळणारा माइक. आमचा नंबर चौथा होता. मी स्टेजवर आले तेव्हा घरचे तिसऱ्या रांगेत दिसले, आई, आत्या आणि कडेला बाबा. पहिली पाच मिनिटं मी तिकडे न बघता निभावली. मग शाहीननं ठरल्याप्रमाणे हाक मारली, मी मान वाकडी केली, हात कानाशी नेला, आणि त्याच क्षणी माइक कर्कश किंचाळला. तिसऱ्या रांगेत बेबीआत्याचा हात वर गेला. ती आणि मी, चारशे लोकांत दोघीच, एकच गोष्ट करत होतो. तिच्या मागच्या रांगेत कॉलेजची काही पोरं होती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि त्यातला एक तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे पाह्य बे, ओरिजिनल." सगळी रांग हसली. आईनं मागं वळून पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

मी हात खाली घेतला. नाटक संपेपर्यंत तो वर केला नाही, मानही सरळ ठेवली. त्यामुळे शेवटची सात मिनिटं गोलू हा मुलगा ठणठणीत दिसत होता आणि त्याची आई त्याच्यासाठी धाय मोकलून रडत होती. शाहीननं मला दोनदा चिमटा काढला. उपयोग झाला नाही. परीक्षकांनी आम्हाला बक्षीस दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

नाटकानंतर मॅडम नेहमीप्रमाणे दोन मिनिटं बोलल्या. हे जन्मापासून असतं, कोणाच्या शापानं, कोणाच्या निष्काळजीपणानं, घाबरल्यानं किंवा पडल्यानं होत नाही, वगैरे. तेव्हा तिसऱ्या रांगेतून बाबा उभे राहिले. मी त्यांना चारचौघांत बोलताना कधीच पाहिलं नव्हतं. ते अर्ज लिहायचे, बोलायचे दुसरे.

"पडल्यानं?" बाबांनी विचारलं.

"नाही होत," मॅडम म्हणाल्या.

बाबा बसले. पुन्हा उठले. "डोक्यावर पडलं तर?"

"डोक्याला मार लागला तर दुसरे त्रास होऊ शकतात. पण हे नाही होत."

"ओट्यावरून?"

"ओट्यावरूनही नाही." सभागृह हसलं. बाबांनी मान हलवली आणि ते बसले. रुमाल काढावा तसं त्यांनी खिशातून पेन काढलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि परत ठेवलं.

बाहेर रसवंतीवर आई आणि बाबा उसाच्या रसाचे ग्लास घेत होते, आणि मी आत्याला घेऊन लिंबाच्या सावलीत उभी होते. मला रडायला येत होतं, पण आत्यासमोर रडण्यात काही अर्थ नसे, ती लांब जाऊन उभी राहायची. मी म्हणाले, "आत्या, मी तुही नक्कल केली. सगळ्यांसमोर. चुकलं माझं."

"नक्कल केली," आत्या म्हणाली.

"हो."

"खराब केली."

हे मी बोललेले शब्द नव्हते. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती. "माहा डावा हात हाय. तू उजवा केला," ती म्हणाली. "अन आवाज नसताना केला. आवाज नसला तर कायले करा लागते? आवाज टोचते. हात हालवला की थो पातळ होते." तिनं डावा हात कानाशी नेऊन बोटं हलवून दाखवली, शिक्षकानं फळ्यावर एकदा गणित सोडवून दाखवावं तशी, आणि हात खाली घेतला. मग रस आला. तिनं ग्लासातला बर्फ काढून टाकायला सांगितला आणि त्यानंतर ती घरी पोचेपर्यंत स्वतःचं असं काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात मी ही गोष्ट मॅडमना सांगितली, सगळीच सांगितली, पत्रकात वाचलं ही थापसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून उरलेली पत्रकं काढली आणि आमच्यापुढे ठेवली. शाहीन आणि मी दोन दुपारी बसून प्रत्येक पत्रकावर सहाव्या क्रमांकातला 'विनाकारण' हा शब्द निळ्या पेनानं खोडला. शाहीन म्हणाली की मग हे लक्षणच कायचं राहिलं, माणूस कारणानं हात हलवते, त्यात सांगायचं काय. काही वर्षांनी मी आत्याला नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी रीतसर तपासून स्वमग्नता हाच शब्द कागदावर लिहून दिला, आणि त्यांच्या छापील फॉर्मवर 'निरर्थक हालचाली' असा एक रकाना होता. मी पेन मागितलं. त्यांना वाटलं मला सही करायची आहे.

पण मला सांगायचं आहे ते अकोल्याहून परत येतानाचं. आम्हाला पाचची एस.टी. मिळाली. आईला पुढे जागा मिळाली, आणि मागे तिघांच्या बाकावर खिडकीशी आत्या, मध्ये बाबा, कडेला मी. मूर्तिजापूर येईपर्यंत बाबा समोरच्या सीटची दांडी धरून बसले होते. मग म्हणाले, "तुह्या मॅडम डाक्टर हाय का?"

"नाही. जीवशास्त्र शिकवतात."

"मंग तिले कसं मालूम?"

"डॉक्टरांनीच शिकवलं त्यांना. प्रशिक्षणात."

"पडल्यानं नाही होत म्हणे."

"नाही होत, बाबा. तीनदा सांगितलं त्यांनी."

बसमध्ये कोणीतरी चिवड्याचा पुडा उघडला होता, त्यातल्या कांद्याचा वास येत होता. बाबा समोर बघत बोलायला लागले, अगदी सपाट आवाजात, एखाद्या पक्षकाराचं निवेदन वाचून दाखवावं तसं. ते नऊ वर्षांचे होते, आत्या दीड वर्षाची. त्यांच्या आईनं पोरीला सांभाळ म्हणून सांगितलं होतं. ते तिला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते आणि रस्त्यानं अस्वलवाला आला. "मी अस्वल पाह्यलं," बाबा म्हणाले. "जराकसंच वाकलो." पोर ओट्यावरून खाली. कपाळाला टेंगूळ आलं, दोन दिवसांत बसलं. पण पुढे ती बोलायला लागली नाही, पाच वर्षांची होईस्तोवर, आणि बोलायला लागली ती अशी. "आई म्हणे, तुह्या हातून पडली म्हणून असं झालं. रागानं नाही म्हणे. घरी पाहुणे आले, त्यानं विचारलं, हे पोरगी अशी काऊन, तर सांगे, याच्या हातून पडली. नाव सांगावं तसं सांगे." मुंबईला त्यांना टंकलेखकाची सरकारी नोकरी लागली होती, ते गेले नाहीत. लग्नाआधी त्यांनी माझ्या आईला एकच अट सांगितली होती, बेबी कायम आपल्याजवळ राहील, आणि आईनं कारण न विचारता ती मान्य केली होती. हे सगळं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, बाबांना अमरावती आवडते.

"माह्या हातून पडली," बाबा शेवटी पुन्हा म्हणाले.

"माह्या हातून पडली," खिडकीबाहेर पाहत बेबीआत्या म्हणाली.

बाबा दचकले. "तुह्या हातून नाही वं, बेबी."

"नाही वं बेबी."

बाबांचे खांदे हलायला लागले. ते हसत आहेत असं मला वाटलं, आणि बडनेरा येईपर्यंत मी तसंच समजून चालले. आत्यानं खिडकीची काच वर केली, वारा आत आला, आणि पुढच्या बाकावरच्या माणसाची टोपी उडाली. त्यामुळे ती शोधण्यात सगळ्यांचा बराच वेळ गेला.

आमच्या घराच्या दाराशी दोन पायऱ्या होत्या. त्यांचा उल्लेख मी अजून केलेला नाही, कारण त्यात उल्लेख करण्यासारखं काही आहे हे त्या दिवसापर्यंत मलाही माहीत नव्हतं. आत्या सकाळी तुळशीला पाणी घालायला त्या उतरायची, आणि बाबा कुठेही असोत, दाढी अर्धी झालेली असो, ते येऊन हात पुढे करायचे. ती त्यांचा हात धरून दोन पायऱ्या उतरायची. मी जन्मापासून हे पाहत होते आणि मला ते दूधवाला येण्याइतकंच साधं वाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या तांब्या घेऊन दारात आली. बाबा खुर्चीत बसले होते, ते उठले नाहीत. त्यांचा हात मांडीवर होता आणि बोटं पॅन्टला घट्ट धरून होती. आत्या दारात थोडी थांबली, मग एक पायरी उतरली, मग दुसरी. काही झालं नाही. तिनं तुळशीला पाणी घातलं आणि ती वर आली. बाबांनी पेपर उघडला. तो उलटा नव्हता, पण पान मात्र बराच वेळ उलटलं गेलं नाही. मंगळवारीही असंच झालं.

बुधवारी मी दप्तर भरत होते तेव्हा बाबा उठले, दाराशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. आत्यानं तो धरला आणि ती उतरली. मला जरा रागच आला. मी म्हणाले, "बाबा, आता कायले? मॅडमनी सांगितलं ना."

"सांगितलं ना. म्हणूनच धरला," बाबा म्हणाले. "आधी भेवानं धरत होतो. आता असाच धरतो."